खाटेखालची राख

"लांब हो! माझ्या खाटेला हात लावू नको."

रुपा जागीच थांबली. "एकदा खाली बघू दे गो. मग जाते."

"नाय म्हटलं ना!" सोनाली ओरडली. तिने स्वतःच चादरीचं टोक उचलून पाहिलं. खाटेखाली आजही राख होती. बंबातली, चाळून घेतलेली, जमिनीवर एकसारखी पसरलेली. लागोपाठ तिसरा दिवस. आत वाकून बघायची तिला छातीच झाली नाही. तिने चादर तशीच लोंबती सोडून दिली.

शहापूरच्या त्या मुलींच्या हॉस्टेलात एका खोलीत दोघीच राहायच्या. सोनाली मुरबाडकडची. रुपा तानशाच्या जंगलातल्या पाड्यावरची, अंगाने काटकुळी आणि बोलायला त्याहून काटकुळी. दोन महिने दोघींचं छान जमलं होतं. एकमेकींच्या वेण्या घालून दिल्याशिवाय त्या कॉलेजला निघत नसत. सोमवारपासून मात्र रुपाला काय झालं होतं कोण जाणे.

आधी तिने सोनालीचा घरच्या लाडवांचा डबा न विचारता उचलला आणि मेसमध्ये नेऊन ठेवला. मग खोलीत शिरताना दर वेळी टाचा आपटायला लागली. सोनालीची चादर जरा खाली लोंबली की मुकाट्याने येऊन वर खोचायची. काल सकाळी तर सोनालीला जाग आली तेव्हा बाईसाहेब तिच्या खाटेशी उकिडव्या बसून खाली टक लावून बघत होत्या. "काय गो?" विचारलं तर म्हणाली, "काय नाय. तू पाय वर घे."

सोनालीची बोबडीच वळली होती. राख कशासाठी पसरतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. चैत्रात तिची आजी गेली. आजीने जिथे जीव सोडला तिथे घरच्यांनी पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला, वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून सगळे पिठावर वाकले. गेलेलं माणूस कोणत्या जन्माला गेलं ते त्यावरच्या खुणेवरून कळतं. काकूला पाखराची पावलं दिसली आणि ती रडता रडता हसली. पीठ नाही तर राख, रीत तीच. पण ती मेलेल्या माणसासाठी. जित्याजागत्या पोरीच्या खाटेखाली असं कोण करतं? रुपा तिच्या मरणाची जागा तयार करत होती, दुसरं काय?

तिने आईला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा आवाजच बदलला. "मॅडमला सांग, त्या पोरीला आजच्या आज बाहेर काढा. नायतर मीच येते नि तुला घरी नेते."

गृहपाल मॅडमनी दोघींना ऑफिसात बोलावलं. दाराबाहेर पोरींची ही गर्दी.

"राख तूच टाकतेस?" मॅडमनी रुपाला विचारलं.

"हां."

"कशासाठी?"

रुपाने मान खाली घातली. "त्याचं नाव नाय घेत, मॅडम. नाव घेतलं का ते घर धरतं. आमच्यात कोणीच घेत नाय. मला फक्त एकदा खाटेखाली बघू द्या, मग सांगते."

सोनाली मॅडमच्या खुर्चीकडे सरकली. बाहेर कुजबुज वाढली. मॅडमना हॉस्टेलात भुताखेतांची बोंब नको होती. त्यांनी मिटवून टाकलं. "चार दिवस घरी जा. येताना वडिलांना घेऊन ये. आणि त्या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही, तुझी बॅग आणवते मी."

"मग हिला तरी दुसऱ्या खोलीत घाला," रुपा म्हणाली.

"तू चाललीस ना? मग तिला कशाला हलवू?"

बॅग घेऊन फाटकातून बाहेर पडेपर्यंत रुपा तीनदा मागे वळली. सोनालीने तीनही वेळा तोंड फिरवलं.

दुपारी सोनालीने खोलीचं दार सताड उघडलं आणि झाडू हातात घेतला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. थोडं वाईटही वाटत होतं, नाही असं नाही. राख ओढता ओढता आतल्या बाजूला तिला एक वाकडीतिकडी रेघ दिसली. काय मंतरलं होतं देव जाणे. तिने आधी ती रेघच पुसली. मग सगळी राख सुपलीत भरली, मागच्या खाचरात फेकून आली आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच निर्धास्तपणे खाटेवर आडवी झाली.

फोन वाजला. रुपाचा होता. घेऊ की नको करत तिने घेतला.

"मी एसटी स्टँडवर हाय," रुपा धापा टाकत होती. "खाटेखाली राख हाय का अजून?"

"झाडली सगळी. का?"

"तिच्यात रेघ होती का? वळणावळणाची?"

"होती."

"एक का दोन?"

"एकच," सोनाली म्हणाली.

"म्हंजे परत गेलं नाय ते. कुठून कुठवर?"

"भिंतीच्या भेगेपासून चादरीपर्यंत. जिथं ती खाली लोंबते ना, तिथंच संपली."

"सोमवारी त्या भेगेत शेपूट बघितली मी. नाव घेऊ नये, पण घेते. मण्यार हाय." रुपाचा आवाज एकदम बारीक झाला. "सोनाली, ती खाली नाय. वर हाय."