अप्पांची तिरपी पेटी

"ही पेटी आहे का म्हशीनं तुडवलेला तेलाचा डबा?"

एवढं म्हणून शिवांजलीनं शंकरप्पांच्या स्क्रीनवर पेनाचं टोक टकटक वाजवलं. वर्गातली पोरं तोंड दाबून हसली. शंकरप्पांनी ओठ आवळले आणि मनात म्हटलं, बोल, काय बोलायचं ते बोलून घे.

उमरग्याच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानावर पत्र्याच्या खोलीत हा कॅडचा, म्हणजे संगणकावर आराखडे काढायचा, क्लास चालायचा. शंकरप्पांच्या लेखी ती जागा कोंबड्या कोंडायच्या लायकीची होती. मुरुमला त्यांची आडत. तूर नुसती मुठीत घेऊन तिचा भाव सांगणारा हा माणूस आता शिकवणाऱ्या एका पोरीपुढं रेघा ओढत बसला होता. कारण ती त्यांची होणारी सून होती, आणि आपण कोण ते तिला ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होती.

तिच्या वडिलांशी, गौरीशंकरशी, सगळी बोलणी फोनवरच झालेली. शंकरप्पांनी शब्दही देऊन टाकलेला. त्यांचा मुलगा अमरनाथ मान खाली घालून एवढंच म्हणाला होता, "अप्पा, एकदा पोरगी पारखून या की. ओळख न देता. तुमची नजर चुकत न्हाय."

हे मात्र खरं होतं. शिवाय शंकरप्पांनी दिलेला शब्द त्यांच्याशिवाय कुणी फिरवायची त्या घरात टाप नव्हती. मग स्वतःच्या नव्या गोदामाचं चित्र काढायला शिकायचंय असं सांगून त्यांनी शरणबसप्पा या नावानं क्लास लावला.

पोरगी दिसायला नीटनेटकी. जीभ मात्र करवतीची.

"काका, पडद्यावर हे ठिपके कशाला दिलेत? रांगोळीला? या ग्रिडवर तीनच वाटा आहेत. एक सरळ उभी, एक डावीकडं तीस अंशांनी जाणारी, एक उजवीकडं. तुमची रेघ चौथीच वाट धरतीय. बैलालासुद्धा आपला बांध कळतो."

बाकीच्यांच्या चुका ती हसून दुरुस्त करायची. चाबूक फक्त शंकरप्पांच्या पाठीवर. वयाची लाज नाही, पांढऱ्या केसांची चाड नाही. असली बया घरात आली तर देवघरातले देवसुद्धा गाशा गुंडाळतील, असं त्यांना वाटे.

त्यांना आधार होता तो शेजारच्या खुर्चीवरच्या रोहिणीचा. डिप्लोमा झालेली, हळू आवाजाची पोरगी. शिवांजलीची पाठ वळली की ती खुर्ची सरकवायची.

"अप्पा, एफ-फाइव्ह दाबा. बघा, कर्सर वळला. आता ही वरची बाजू. पुन्यांदा दाबा, आता उजवी. बाजू बदलली की आधी हे बटण, मग रेघ."

सगळा वर्ग त्यांना काका म्हणायचा. ही एकटी अप्पा म्हणायची.

एकदा गोदामाच्या भिंतीला गोल झरोका काढायचा होता. शंकरप्पा गोल काढत, पण तो भिंतीवर बसेना. थापलेल्या गोवरीसारखा वेगळाच दिसे. "गोल काढा म्हटलं, तर यांनी भाकरी टाकली," शिवांजली म्हणाली. ती पुढं गेल्यावर रोहिणीनं माऊस हातात घेतला. "कलत्या भिंतीवर गोल गोल राहत न्हाय, अप्पा. लंबगोलाची कमांड घ्या, त्यात आयसोसर्कल, म्हंजे कलता गोल, हाय. आता टाका."

झरोका भिंतीत गपकन बसला. शंकरप्पांच्या तोंडून "यव्वा!" निघून गेलं.

त्या दुपारी रोहिणीनं डब्यातलं धपाटं पुढं केलं. पाण्याच्या ग्लासाला हात लावण्याआधी समोरच्याचं आडनाव विचारणारे शंकरप्पा, धपाटं खाताना विचारायचं विसरले. तिच्या स्क्रीनवर एका घुमटाच्या इमारतीचं चित्र होतं. "आमच्या गल्लीतलं हाय," ती म्हणाली. असेल एखादं देऊळ, म्हणून घुमटावरचा निळा झेंडा न निरखताच त्यांनी नजर काढून घेतली.

शेवटी गोदाम उभं राहिलं. उभ्या भिंती उभ्या, दोन्ही बाजू तिरप्या, दार, झरोका, वर पत्रा. शंकरप्पा खुर्चीत मागं रेलून बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी पिकवलेलं विकलं होतं. हातानं काही घडवल्याचं हे पहिलंच.

शिवांजली मागं येऊन उभी राहिली.

"दार आभाळात उघडतंय," ती म्हणाली. वाकून तिनं सगळं चित्र निवडलं आणि डिलीट दाबलं.

पडद्यावर नुसते ठिपके उरले.

शंकरप्पा ताडकन उठले. "पोरी, म्या शरणबसप्पा न्हाय. मुरुमचा शंकरप्पा, अमरनाथचा बाप! तुझ्या बापाला सांग, हे लग्न मोडलं. असली मगरूर पोरगी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाय!"

सगळ्या खुर्च्या त्यांच्याकडं वळल्या. तिचा चेहरा कसा पडतो ते बघायला शंकरप्पा थांबले. ती कमरेवर हात ठेवून तशीच उभी.

"बरं. मोडलं म्हणजे मोडलं. पण तुमच्यासारख्याच्या घरात टिकंल अशी सून असती तरी कसली?"

"असली!" शंकरप्पांनी रोहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिला म्हणतात पोरगी. ही सून व्हायला तयार असंल तर उद्या अक्षता टाकतो."

"रागात बोलताय काका. घरी गेल्यावर फिरवाल."

"शंकरप्पाचा शब्द हाय. एवढी माणसं ऐकतायत."

रोहिणी उठली. वाकून तिनं त्यांच्या पायांना हात लावला, ओढणीनं डोळे टिपले आणि फोन कानाला लावला.

"अमर, वर ये. अप्पा हो म्हणाले."