लाल तलवार

“सांग डॉक्टरांना, काय फेकून मारलंस ते!” धाकट्यानं सात वर्षांच्या पुतणीचा दंड धरून तिला टेबलासमोर उभं केलं. तिच्यामागे तिचा बाप, म्हणजे थोरला, खाली मान घालून उभा होता. मान खाली घालण्यात त्याचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

“रिंग,” पोरगी पुटपुटली. “प्लास्टिकची. चुकून लागली.”

“चुकून! बापानंही चुकूनच केलं होतं. डोळेफोड्याची डोळेफोडी!”

थोरल्याला हे नाव चौथ्या वर्षी पडलं. लाल रंगाची लाकडी तलवार होती, खेळताना त्यानं ती दीड वर्षाच्या भावाच्या डोळ्यात खुपसली आणि डोळा काढावा लागला. ही गोष्ट घरात, गल्लीत, वर्कशॉपमध्ये सगळ्यांना तोंडपाठ होती. त्याला स्वतःलाही. धाकट्याला तर जन्मभराचं हत्यारच मिळालं. वर्कशॉपच्या पाटीवर नाव धाकट्याचं, लेथवर राबणार थोरला. उजेडाच्या दोन खोल्या धाकट्याला, मागची कोंदट खोली थोरल्याला. चहा गार झाला की धाकटा काचेच्या डोळ्याखाली बोट टेकवून नुसता बघायचा. थोरला मुकाट्यानं उठून चहा गरम करून आणायचा. एवढं करून त्याला कधी ‘दादा’ अशी हाक काही ऐकू आली नाही. आपल्या लेकीला त्यानं टोकदार खेळणं कधी घेऊन दिलं नाही. रिंग घेतली, कारण ती गोल असते.

आणि आता धाकट्याच्या दीड वर्षाच्या बाळाच्या डाव्या डोळ्यात पांढरी चमक दिसायला लागली होती. बाळ आजीच्या मांडीवर बसून पिशवीच्या बंदाशी खेळत होतं. त्याची आई बाहेर फॉर्म भरत होती.

“आधी मुलीचा हात सोडा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हा मार नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ आहे. कॅन्सरची.”

“कॅन्सर? दीड वर्षाच्या पोरीला? ती काय सिगारेटी ओढत होती?”

“मोठ्यांच्या कॅन्सरमागे बऱ्याचदा वर्षानुवर्षांचं काहीतरी असतं. तंबाखू, कामावरची धूळ, वय. लहानांचं तसं नसतं. वाढत्या शरीरातच पेशींची चूक होते, कधीकधी तर जन्माच्या आधीच. कुणी काही केलं म्हणून हा होत नाही. भराभर वाढतो, पण औषधाला दादही चांगली देतो. तुम्ही वेळेत आलात. बाळ वाचेल अशी मला पुष्कळ आशा आहे.”

थोरल्यानं पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे माझ्या पोरीनं केलं नाही?”

“नाही.”

“रिंगमुळे नाही?”

“नाही हो.”

“मग तसं लिहून द्या.”

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि खरोखरच कागदावर दोन ओळी लिहून दिल्या. थोरल्यानं त्या वाचल्या, घडी करून खिशात ठेवल्या आणि लेकीला म्हणाला, “जा, बाहेर बाकावर बस. तुझं काम झालं.” पोरगी पळत सुटली.

धाकट्याच्या हातचं सावज गेलं होतं. तो उगाच खुर्ची सरकवत राहिला. डॉक्टरबाई त्याच्या काचेच्या डोळ्याकडे बघत होत्या.

“तुमचा डोळा कधी गेला?”

“दीड वर्षाचा होतो. ह्यानं फोडला.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “काही मुलांत हा आजार आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. त्या वेळचे कागद आहेत?”

“जाळले,” आजी म्हणाली.

दोघं मुलगे तिच्याकडे वळले.

“असे बघू नका माझ्याकडे! गाठ होती. डोळा काढला नाही तर पोरगं जाईल, म्हणाले. काढला. पण कॅन्सर म्हटलं असतं तर ह्याच्याजवळ कोण फिरकलं असतं? कुणी पोरगी दिली असती? पोरांच्या खेळात लागलं म्हटलं की लोक विसरतात.”

“लोक विसरतात?” धाकटा ओरडला. “आई, मी तीस वर्षं ह्याला...” ओरडायला समोर कुणीच उरलं नव्हतं, आणि ओरडण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

थोरला मात्र गोंधळून मान हलवत होता. त्याला सुटल्याचा आनंद झाला नव्हता. उलट कुणी खिशात हात घातल्यासारखा तो चिडला होता.

“काहीतरीच काय बोलतेस? मारलं होतं मी. मला आठवतं ना! हातात लाल तलवार होती. मुठीजवळचा रंग उडाला होता. मारल्यावर तिचं टोक मोडलं, ते मी कॉटखाली लपवलं. अजून माझ्या स्वप्नात येतं ते, आई.”

आजीनं बाळाला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“तुला तलवार कधी घेतलीच नव्हती रे,” ती म्हणाली.