डाव्या हाताचा मळ

"काल पोरगं ओकलं गं गाडीत," लॅम्प्टे साहेबांनी चावी गाड्या धुणाऱ्या डेडेच्या हातावर टाकली. "चामड्याची सीट आहे, जपून. तुला काय म्हणा, डाव्या हाताचा मळ!"

डेडेने दार उघडलं आणि नाकाला हात नव्हे, अख्खा कोपरच लावला. अक्राच्या उन्हात बंद गाडीत सगळं शिजून आंबलं होतं. शिवणीत माशाचे तुकडे, केंकेच्या आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे गोळे, आणि त्यावर गावठी दारूचा भपकारा. एवढ्याशा पोराच्या पोटात दारू? एकेका टाक्यातली घाण तिने ब्रशने उकरून काढली, पण डाव्याच हाताने. उजवा पाठीशी धरला होता. त्या हाताने दुपारी जेवायचं होतं. सीट पुसून कोरडी झाल्यावर चामडं मऊ करणारं शिआच्या बियांचं लोणी मात्र तिने उजव्या तळव्याने चोळलं. सीटही कातडंच, त्याला घाणेरडा हात कसा लावायचा?

साहेबांनी सीट हुंगली. "वा! बाळाचा गाल झालाय नुसता!"

डेडेने हसून हात मिळवायला उजवा पुढे केला. साहेबांनी आपला उजवा खिशात घातला आणि डावा पुढे केला. शेजारी गाड्या धुणाऱ्या बायका चपापल्या. असा डावा तर कुणी भिकाऱ्यापुढेही करत नाही.

"राग मानू नकोस हं. उजव्याने मला जेवायचंय."

डेडेने उजवा मागे घेतला आणि डाव्याने त्यांचा हात घट्ट धरला.

"बरोबर आहे साहेब. तुमच्या पोटातलं सगळं याच हाताला ठाऊक आहे."