न सुटणारी गणितं

बारावीनंतर गणित शिकायला पुण्याला जायचं, हे सोनिकाने पक्कं केलं होतं. शिंदे की छावनीतल्या त्यांच्या घरात जयसिंहरावांचा, म्हणजे तिच्या पप्पांचा, मात्र एकच हेका. "ग्वाल्हेरात कॉलेजं काय कमी आहेत? अडलं तर गणित मी शिकवीन तुला."

त्या संध्याकाळपासून सोनिका साळसूद चेहऱ्याने रोज एक गणित घेऊन त्यांच्यापुढे बसू लागली. "पप्पा, समझ में ही नहीं आ रहा. तुम्ही करून दाखवा ना."

हार मानणं पप्पांच्या रक्तात नव्हतं. चहा निवून जाई, कागद भरत, पण उत्तर काही निघत नसे. सोनिका मनातल्या मनात पुण्याचं सामान बांधत असे.

एक दिवस पप्पांनी तिला समोर बसवलं. "आज तुझ्या सरांना गाठलं. ते म्हणाले, ही गणितं सुटूच शकत नाहीत. कोणीतरी मुद्दाम तशी रचली आहेत."

सोनिकाने मान खाली घातली.

"आणि म्हणाले, अशी रचायला गणित फार चांगलं यावं लागतं." पप्पांनी चष्मा काढून ठेवला. "जा पुण्याला. आता तिथल्या मास्तरांना छळ."