अकरावं स्थळ

२००४ साली सातपूरच्या कंपनीतल्या समाधानने अचूक निर्णय कसे घ्यावेत यावरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचलं आणि लागोपाठ दहा मुली नाकारल्या. अकरावं स्थळ सायखेड्याचं. पोहे झाल्यावर दोघांना बोलायला ओट्यावर पाठवलं. सुवर्णा त्याला मनापासून आवडली. पण गप्प बसेल तो वाचक कसला.

"मी 'ऑप्टिमल रिग्रेट विंडो' पाळतो. त्याने 'थ्रेशोल्ड ब्लाइंडनेस' टळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे 'प्री-चॉइस कॅलिब्रेशन' होतं."

"मराठीत सांगा ना."

समाधानने घाम पुसला. "पहिल्या दहा मुलींना नकारच द्यायचा, कितीही चांगल्या असल्या तरी. नुसता अंदाज घ्यायचा. तुम्ही अकराव्या," तो लाजत म्हणाला. "माझा होकार आहे."

"ते होय," सुवर्णा हसली. "आमची आई बाजारात कोथिंबीर विकताना हेच करते. पहिल्या पाच व्यापाऱ्यांचा नुसता भाव ऐकते, माल देत नाही. माझ्या स्थळांचंही तिनं तसंच ठरवलंय."



"तुम्ही चौथे."