आधी स्ट्रोकची उडी

"आधी स्ट्रोक!" सिरिल ओरडला. "स्ट्रोकनं उडी मारल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही!"

धक्क्यावर सात धिप्पाड पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी होती. शर्यत जिंकून पाव तासही झाला नव्हता. जिंकलेल्या नावेच्या कॉक्सला, आणि प्रशिक्षकालाही, थेम्समध्ये फेकायचं, ही तिथली रीत. कॉक्स म्हणजे नावेच्या टोकाला बसून सुकाणू धरणारा आणि आठ वल्हेकऱ्यांवर खेकसणारा. सिरिल हेबर्न त्यात मुरलेला होता. एकवीस वर्षं कॉक्स, मग बावीस वर्षं प्रशिक्षक. आजची त्याची शेवटची शर्यत, म्हणून चौसष्टाव्या वर्षी पोरांनी हट्टानं त्यालाच पुन्हा सुकाणूवर बसवलं होतं.

"स्ट्रोक कसा उडी मारणार, सिरिल? त्याचा खांदा गेलाय," एक जण म्हणाला.

ते खरं होतं. स्ट्रोक म्हणजे कॉक्सच्या समोर बसणारा, ज्याच्या लयीवर बाकीचे सात जण वल्ही मारतात. यंदाचा स्ट्रोक रॉरी. शेवटच्या शंभर मीटरमध्ये त्याच्या खांद्यात कळ आली होती. आता तो हात झोळीत घालून, पांढरा पडून बाकावर बसला होता.

"मग आज फेकाफेकी नाही. नियम म्हणजे नियम."

"अहो, शेवटचा दिवस! असले कसले खडूस हो तुम्ही!"

"पाणी गार आहे म्हणून टरकलेत!"

सिरिल पाण्याला घाबरला होता, हे खरंच. पण गार म्हणून नव्हे. त्याला पोहता येत नव्हतं.

१९५३ साली क्लबच्या अर्जावर 'पोहता येते का?' या प्रश्नापुढे त्यानं 'हो' लिहिलं होतं. 'नाही' लिहिलं असतं तर नावेत पाय ठेवू दिला नसता. शिकू पुढं, असं त्याला वाटलं होतं. पण पहिल्याच मोसमात नाव झालं, आणि मग शिकायची सोय राहिली नाही. गावात तलाव एकच. नामवंत कॉक्सनं तिथं चार वर्षांच्या पोरांबरोबर कठड्याला धरून पाय मारायचे? पुढं प्रशिक्षक झाल्यावर तर नव्या पोरांची पोहण्याची परीक्षा तोच घ्यायचा, काठावर उभा राहून, शिट्टी वाजवत.

पहिली शर्यत जिंकली तेव्हा मरणार होता. पण तेव्हाचा स्ट्रोक लेनर्ड ऑक्स्ले आनंदाच्या भरात आपण होऊन आधी पाण्यात पडला, आणि धिंगाण्यात त्याचाच हात सिरिलच्या बगलेत आला. स्ट्रोक आधीच पाण्यात असला की आपण बुडत नाही, हे सिरिलनं हेरलं. पुढच्या वर्षी त्यानं नव्या पोरांना ठणकावून सांगितलं, "आपल्या क्लबात आधी स्ट्रोक उडी मारतो. शंभर वर्षांची प्रथा आहे." पोरांनी मान डोलावली. तेव्हापासून जो जो स्ट्रोक झाला त्यानं आधी उडी मारली आणि मस्तीच्या नावाखाली सिरिलला शिडीपर्यंत आणून सोडलं. साऱ्या क्लबला आपण गुंडाळलं, याचं सिरिलला मनातल्या मनात फार कौतुक होतं. तो पोरांना नेहमी म्हणायचा, "तुम्ही आठ जण उलटे बसता. पुढचं तुम्हाला दिसत नाही. या नावेत डोळे फक्त मला आहेत."

सात जणांनी त्याला उचललं. वजन जेमतेम पन्नास किलो. "एक!" सिरिलनं एकाचा कान धरला. "दोन!" खरं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. सांगितलं असतं तर सगळी कारकीर्द एका खोट्या 'हो'वर उभी होती, हे आज, निरोपाच्या दिवशी, चव्हाट्यावर आलं असतं. त्यानं तोंड मिटलं.

"तीन!"

कानात पाणी गेलं. मग नाकात. आणि मग बगलेत एक हात आला.

वर आल्यावर त्यानं पाहिलं तर रॉरी. झोळी गळ्यात लोंबत होती, वेदनेनं तोंड वाकडं झालं होतं.

"गाढवा!" शिडीला धरत सिरिल खोकत खोकत म्हणाला. "खांदा कायमचा जाईल की!"

"नियम म्हणजे नियम, सिरिल," रॉरी म्हणाला.

रॉरीला आता हात हलवता येईना. बाकीचे नाव उचलायला गेले होते. "माझ्या कपाटातून टॉवेल आणता?" त्यानं विचारलं, आणि लगेच, "नको, नको, राहू दे." पण सिरिल तोवर निघाला होता.

वरच्या खोलीत स्ट्रोकचं कपाट दाराशेजारीच होतं. त्रेचाळीस वर्षं सिरिल त्याच्यावरून गेला होता. दुसऱ्याचं कपाट कशाला उघडेल? त्यानं उघडलं. टॉवेल खुंटीवर होता. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

'सिरिलला पोहता येत नाही. उडी आपण आधी मारायची. त्याला कळू द्यायचं नाही. – लेनर्ड ऑक्स्ले, १९५३.'

खाली सह्या होत्या. प्रत्येक स्ट्रोकची. सिरिलनं एकेक नाव वाचलं. यातल्या प्रत्येकावर तो घसा फुटेस्तोवर ओरडला होता. तिघे आता हयात नव्हते, लेनर्ड तर मार्चमध्येच गेला होता. शेवटची सही रॉरीची. सिरिल बाकड्यावर बसला आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडला.

मग त्यानं कपाट नीट लावलं आणि खाली आला.

रॉरी त्याच्या तोंडाकडे बघत होता. "एवढा वेळ? दारातच तर होता टॉवेल."

"हल्ली समोरचंही दिसत नाही रे मला," सिरिल म्हणाला आणि त्याचं डोकं पुसू लागला.