शेजारचा आवाज

"हे गाणं नाही, ओरडणं आहे," रेकॉर्डिंग स्टुडिओच्या काचेपलीकडून रेकॉर्ड कंपनीचे मिस्टर कॅपलन म्हणाले. "वाद्यं छान उतरलीत. आवाज जॉयसचा घेऊ."

बँडची गायिका रोझलिन माइकसमोरून हलली नाही. घसा सोलवटला होता. कंपनीने बोलावलेली जॉयस, चाळिशीची सराईत गायिका, कोपऱ्यात स्वेटर विणत बसली होती.

डॅरिलने गिटार खाली ठेवली. "आमचा बँड एकत्र वाजवतो, एकत्र गातो. नाचाच्या हॉलमध्ये गातो तसंच इथे. कानांना डबडी लावून एकट्याने गायचं, हा खोटेपणा झाला."

"तुझं तत्त्व ऐकलं," कॅपलन म्हणाले. "तिचं गाणं मात्र ऐकू आलं नाही."

डॅरिल आणि बँडची बाकी पोरं तणतणत जेवायला निघून गेली.

"तुला स्वतःचा आवाज ऐकू येतो का गं, गाताना?" जॉयसने विचारलं.

रोझलिन विचारात पडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉलमध्ये गाण्याच्या सगळ्या स्पीकरांची तोंडं लोकांकडे असत. तिच्या पाठीशी डॅरिलची गिटार गरजत असे. मागच्या पडद्यावर दिव्याने पाडलेले रंगीत तेलाचे बुडबुडे फुटत, लोक डोळे मिटून डोलत, आणि ती तीन वर्षं नुसत्या अंदाजाने गात होती. ऐकू येत नाही म्हणून जोरात, मग आणखी जोरात.

"नाही," ती म्हणाली.

जॉयसने उठून हेडफोन तिच्या कानांवर बसवले. "एक काम गेल्याने माझं काही अडत नाही. गा."

जॉयसच्या खुणेवर कॅपलननी टेप लावली आणि कानांत वाद्यं सुरू झाली. रोझलिनने पहिली ओळ म्हटली आणि ती दचकली. अगदी जवळून कोणीतरी गात होतं. तिने आवाज उतरवला. तो तुटला नाही. आणखी उतरवला, तेव्हा त्याच्या तळाशी एक खरखरीत ऊब लागली. ती तिला ठाऊकच नव्हती. तिने गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

कॅपलननी टेप मागे फिरवली आणि पुन्हा लावली.

ती वाजत असतानाच पोरं परतली. डॅरिल दारातच थांबला. एक अख्खं कडवं त्याने मान खाली घालून ऐकलं.

"फार सुंदर गाते तुमची ही जॉयस," तो कॅपलनना म्हणाला. "पण हे गाणं रोझलिनचं आहे. ती नसेल, तर माझी गिटारही पुसून टाका."